तेहरानचा तह आणि अजिंठ्याचा डोंगर

३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी-अंजनगाव येथे जनरल आर्थर वेलस्ली आणि दौलतराव शिंद्यांचे वकील यांच्यात जो तह झाला, त्याची कलमे मराठवाड्यातल्या माणसाने एकदा तरी सलग वाचावीत. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेला शिंद्यांचा जो मुलूख होता तो, जालन्याच्या किल्ल्यासह थेट गोदावरीपर्यंत, त्यांनी सोडून द्यावा असे त्यात लिहिले आहे. हा मुलूख निजामाच्या पदरात पडला आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत त्याच्याच राज्यात राहिला. मराठवाड्याच्या नकाशाची एक कड या कागदावर आखली गेली आहे.

त्याच कागदात आणखी एक कलम आहे. कोणाही फ्रेंच माणसाला, किंवा इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या कोणत्याही युरोपीय वा अमेरिकन सत्तेच्या प्रजाजनाला, शिंद्यांनी चाकरीत ठेवू नये. गोदाकाठच्या मुलखाच्या तहात अमेरिका कशासाठी, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडतो. त्याचे उत्तर पुण्यात किंवा ग्वाल्हेरीत शोधून मिळत नाही. ते मिळते तेहरानात.

जानेवारी १८०१ मध्ये तेहरानला फत्हअली शहाच्या दरबारात ईस्ट इंडिया कंपनीने एक तह केला होता. फ्रेंचांनी इराणच्या किनाऱ्यावर किंवा बेटांवर पाय रोवायचा प्रयत्न केला तर दोघांनी मिळून त्यांना हुसकावावे, फ्रेंचांना तिथे ठाणे देऊ नये, आणि काबूलच्या राजाने हिंदुस्थानावर स्वारी केली तर शहाने त्याच्या मुलखावर फौज पाठवावी, असा त्याचा आशय. हा तह ठरवणारा कंपनीचा वकील होता कॅप्टन जॉन माल्कम. सुर्जी-अंजनगावच्या वाटाघाटीत वेलस्लीच्या शेजारी बसलेला गृहस्थही हाच. दोन दरबार, तीन वर्षांचे अंतर, आणि कलम मात्र जवळजवळ तेच.

आपल्याकडे १८०३ ची हकीकत बहुधा घरगुती पद्धतीने सांगितली जाते. बाजीरावाचा पळपुटेपणा, वसईचा तह, शिंदे-होळकरांची दुही, असईवर सुटलेले अवसान. यातले काहीही नाकारण्याचे कारण नाही. फक्त या हकीकतीत इंग्रज हा आपल्या दुहीची वाट पाहत बसलेला शेजारी एवढाच उरतो, आणि तो त्या काळात आणखी कशाकशाला भीत होता हे नजरेआड होते. १७९८ साली नेपोलियन मिसरमध्ये उतरला. टिपूची पत्रे फ्रेंचांकडे जात होती. काबूलचा जमानशहा लाहोरपर्यंत येऊन गेला होता. कलकत्त्याला नुकत्याच आलेल्या गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीने ही तिन्ही भये एका सूत्रात ओवली. त्या भयात खरे किती आणि सोयीचे किती, हा वाद इतिहासकारांत जुना आहे. माझे मत असे की भय खरे होते आणि सोयीचेही होते. वेलस्लीने या दोहोंत कधी फरक केला नाही.

माल्कमची कारकीर्द या सूत्राच्या कडेकडेने चालते. त्याने फारसी शिकायला घेतली ती दख्खनमध्ये, निजामाच्या फौजेबरोबर असताना, १७९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत. ऑक्टोबर १७९८ मध्ये हैदराबादेत रेमाँच्या फ्रेंच पलटणी, म्हणजे सुमारे १४,००० माणसे, निःशस्त्र करण्यात आल्या तेव्हा तो तिथल्या रेसिडेंटचा मदतनीस होता. पुढच्याच वर्षी श्रीरंगपट्टण पडले आणि डिसेंबर १७९९ अखेरीस तो मुंबईहून जहाजाने इराणला निघाला. इराणला पाठवायला फारसी जाणणारा माणूस हवा होता, आणि तो तयार झाला होता आपल्या दरबारांच्या ओसरीवर. मराठी फडात फारसी कागदांसाठी पारसनीस असत. आडनावाच्या रूपाने ते अजून आपल्यात आहेत. शहाच्या दरबारात उभा राहून माल्कम जी भाषा बोलला, ती त्याने दख्खनच्या वकिलातींत घोटलेली होती.

येथे एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. जमानशहा हा अहमदशहा अब्दालीचा नातू. पानिपताला चाळीस वर्षेही झाली नव्हती, आणि १८०० साली दिल्ली शिंद्यांच्या ताब्यात होती. अब्दालीच्या नातवाने पुन्हा यमुनेकडे यायचे ठरवले असते तर पहिला घाव शिंद्यांवर बसला असता. त्याला पश्चिमेकडून अडकवून ठेवण्याची खटपट तेहरानात कंपनी करत होती. १८०१ च्या सुमारास घरच्याच भाऊबंदकीत जमानशहाचे तख्त गेले आणि डोळेही गेले. ते भय तिथेच संपले. मग सप्टेंबर १८०३ मध्ये लॉर्ड लेकने दिल्ली शिंद्यांकडूनच घेतली.

१३ मार्च १८०० रोजी पुण्यात नाना फडणिसांचे निधन झाले. माल्कम त्या वेळी इराणच्या आखातावरच्या बुशहर बंदरात होता आणि तेहरानला कोणत्या मानमरातबाने जायचे याची घासाघीस करत होता. हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे, कारण फत्हअली शहाने पुढे जो डाव टाकला तो नानांनी वीस-बावीस वर्षे आधी टाकून पाहिला होता. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात आला, तेव्हा नानांनी त्याचे मोठे स्वागत केले. त्या गृहस्थाच्या हाती फारसे काही नाही, हे नानांना कळत नव्हते असे मानणे कठीण आहे. फ्रेंचांशी बोलणे चालू आहे एवढे मुंबईकर इंग्रजांना दिसले की काम झाले.

शहाची गोष्ट अधिक कडू आहे. १८०२ मध्ये त्याने हाजी खलील खान नावाचा वकील मुंबईस पाठवला. जुलै महिन्यात त्याचे नोकर आणि पहाऱ्यावरचे कंपनीचे शिपाई यांच्यात दंगा झाला, आणि तो सोडवायला गेलेला वकील गोळी लागून मेला. दुसऱ्या राजाच्या वकिलाला आपल्याच पहाऱ्यात मरण यावे, यापरती नामुष्की कोणती? निस्तरायला माल्कमलाच मुंबईस धाडले. शोक, क्षमापत्रे, भरपाई, वारसांना वेतने यांची अशी उधळण झाली की, या भावाने इंग्रजांनी आणखी दहा वकील मारले तरी चालेल, असा विनोद इराणात रूढ झाल्याचे माल्कमचा चरित्रकार के सांगतो.

मात्र १८०४ मध्ये रशियाशी युद्ध सुरू झाल्यावर शहाने कंपनीकडे मदत मागितली, तेव्हा ही उधळण करणारा हात आखडला. आता रशिया इंग्रजांचा युरोपातला दोस्त होता. दुसरा इराणी वकील हिंदुस्थानात येऊन रिकाम्या हाताने परत गेला. शहा नेपोलियनकडे वळला. ४ मे १८०७ रोजी फिंकेनश्टाइन येथे तह झाला, आणि हिंदुस्थानावर चालून जाणाऱ्या फ्रेंच फौजेला वाट देण्याचे इराणने कबूल केले. दोनच महिन्यांनी टिलसिटला नेपोलियनने रशियाच्या झारशी समेट केला. म्हणजे जनरल गार्दान डिसेंबरात तेहरानला पोचला तोवर त्याच्या वकिलातीचा पायाच निघून गेलेला होता. शहाला दोन्ही दोस्तांनी एकाच रीतीने फसवले. प्रत्येकाच्या लेखी इराण हा युरोपच्या पटावरचा मोहरा होता, आणि पट युरोपात हलला की मोहऱ्याची किंमत हलत असे.

१८०८ मध्ये माल्कम पुन्हा बुशहरला गेला. या वेळी त्याला तेहरानला येऊ दिले नाही. शिराझच्या शहाजाद्याशी काय ते बोला, असे उत्तर मिळाले. तो संतापून परतला आणि खार्ग बेट काबीज करण्याचे मनसुबे रचू लागला. इतक्यात लंडनहून थेट राजाच्या नावाने आलेला हार्फर्ड जोन्स मुंबईवरून इराणात गेला आणि मार्च १८०९ मध्ये तह करून मोकळा झाला. एकाच देशाचे दोन वकील, एक राजाचा आणि एक कंपनीचा. कलकत्त्याने जोन्सच्या हुंड्या नाकारल्या, आणि कंपनीची इभ्रत राखायला १८१० मध्ये माल्कम तिसऱ्यांदा गेला. इराणी दरबाराला यातून करमणूकही झाली असणार.

त्याच वेळी एल्फिन्स्टन पेशावरला शाहशुजाच्या भेटीस गेला होता. असईच्या लढाईत वेलस्लीच्या बरोबर घोड्यावर असलेला तरुण तो हाच. माल्कम आजारी पडून मुंबईला गेल्यामुळे ती जागा त्याला मिळाली होती. ऑगस्ट १८०३ च्या अखेरीस वेलस्ली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, पोचला. शिंद्यांच्या छावणीतून निघून आलेला कर्नल कॉलिन्स तिथे होता. मराठ्यांच्या घोडदळाची चिंता करू नका, पायदळ आणि तोफा पाहाल तेव्हा थक्क व्हाल, असा इशारा त्याने दिल्याचे सांगतात. २३ सप्टेंबरला केळणा आणि जुई यांच्या बेचक्यात त्याचा प्रत्यय आला. ज्या कवायती पलटणींपायी हे फ्रेंचांचे कलम लिहिले गेले, त्यांचा तिथला सेनापती पोलमन हा फ्रेंच नसून हानोव्हरचा होता, आणि हानोव्हरचा राजा तोच इंग्लंडचाही राजा. असो.

डिसेंबरच्या मध्याला माल्कम छावणीत परतला आणि वाटाघाटी सुरू झाल्या. शिंद्यांकडून मुख्य होते वयोवृद्ध विठ्ठल महादेव, म्हणजे विठ्ठलपंत. माल्कम तेहरानचे दिवाण हाताळून आलेला. पण या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलेना. मागणी कितीही मोठी असो, सवलत कितीही अनपेक्षित असो, मुद्रा तीच. इंग्रजांत ब्रॅग नावाचा पत्त्यांचा खेळ होता, आपल्या तीन पत्तीचा थोरला भाऊ म्हणावा असा; त्या खेळाला याच्यासारखा चेहरा नाही, असे माल्कम म्हणाला आणि छावणीत पंतांचे नावच ‘म्हातारा ब्रॅग’ पडले. पुढे नेपोलियन पडल्यावर युरोपात माल्कमची आणि वेलस्लीची, आता ड्यूक ऑफ वेलिंग्टनची, भेट झाली. तालेराँविषयी मत विचारता ड्यूक उत्तरला की तो पुष्कळसा आपल्या म्हाताऱ्या ब्रॅगसारखा आहे, फक्त तितका हुशार नाही.

हा किस्सा मराठी माणसाला सुखावतो, आणि सुखावून घेण्यात गैर काही नाही. पण त्याच्या आत एक टोचणी आहे. तालेराँ व्हिएन्नाच्या परिषदेत पराभूत फ्रान्सच्या बाजूने बसला आणि जेत्यांत फूट पाडून फ्रान्सची सरहद्द बरीचशी राखून उठला. त्याच्याहून हुशार ठरलेल्या विठ्ठलपंतांना दोआब, भडोच, अहमदनगर आणि अजिंठ्याखालचा मुलूख लिहून द्यावा लागला. तालेराँपाशी जेते चार होते, त्यांना एकमेकांविरुद्ध खेळवता येत होते. पंतांसमोर जेता एकच होता. खेळवायला तिसरा कोणी उरू नये, हेच तर फ्रेंचांच्या त्या कलमाचे काम. फत्हअली शहाने १८०१ चे कलम १८०७ मध्ये मोडले, कारण तेहरानपर्यंत कंपनीची फौज पोचत नव्हती. तिथे नजराणे पाठवावे लागत. शिंद्यांना ते मोडता आले नाही. सुर्जी-अंजनगावला शाई वाळली तेव्हा गाविलगड पडून पंधरा दिवस झाले होते.

साहित्याच्या वाचकांसाठी या वकिलातींचे आणखी एक फळ आहे. माल्कमचा इराणचा इतिहास आणि एल्फिन्स्टनचा काबूलच्या राज्यावरचा ग्रंथ, दोन्ही १८१५ चे. जोन्सच्या वकिलातीत चिटणीस असलेल्या जेम्स मोरियरने १८२४ मध्ये ‘हाजीबाबा’ ही कादंबरी लिहिली. इस्फहानचा एक लबाड न्हावीपुत्र स्वतःची कथा सांगतो आणि इंग्रज वाचक त्या लबाडीलाच इराण समजतो. दोन वर्षांनी मुंबई इलाख्यात नोकरी केलेल्या हॉकलेने ‘पांडुरंग हरी’ लिहिली, तीही एका मराठी मुलखातल्या भटक्याने स्वतः सांगितल्यासारखी, त्याच घाटाची. त्याच १८२६ साली ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध झाला. आपण ‘पांडुरंग हरी’ मराठी समाजाचे चित्र म्हणून वाचतो किंवा धिक्कारतो. शेजारी ‘हाजीबाबा’ ठेवला तर दिसते की साचा आधीच घडलेला होता आणि त्यात नुसती नावे ओतली गेली. वकील बोलणी करून उठला की कादंबरीकार बसत असे.

इराणचा शेवट थोडक्यात सांगतो. १८१२ मध्ये इंग्लंड-रशियाचा पुन्हा समेट झाला आणि इराणी फौज घडवणारे इंग्रज अधिकारी परत बोलावण्यात आले. मुंबईच्या पलटणीतला कॅप्टन ख्रिस्टी मागे राहिला आणि अस्लंदूझच्या लढाईत मारला गेला. १८१३ च्या गुलिस्तानच्या तहाने जॉर्जिया, बाकू वगैरे प्रांत रशियाला गेले; मध्यस्थी इंग्रज वकिलाचीच. १८१४ च्या तहात इराणला युद्धकाळी वर्षाला २,००,००० तुमान देण्याचे इंग्रजांनी मान्य केले. पुढे रशियाशी पुन्हा युद्ध पेटल्यावर, आगळीक इराणनेच केली असे म्हणून ते देणे टाळण्यात आले.

तिकडे जून १८१८ मध्ये असीरगडाजवळ दुसऱ्या बाजीरावाला शरण आणणारा माल्कमच होता. त्याने वर्षाला आठ लाख रुपये कबूल केले म्हणून गव्हर्नर जनरलने नाक मुरडले. बाजीराव मरेल लवकरच, असा हिशेब काहींनी केला होता. तो ब्रह्मावर्ती १८५१ पर्यंत जगला. नोव्हेंबर १८२७ मध्ये एल्फिन्स्टन पायउतार झाला आणि माल्कम मुंबईचा गव्हर्नर झाला. तो त्या गादीवर असतानाच, १८२८ मध्ये, रशियाची खंडणी भरता भरता टेकीला आलेल्या शहाकडून मदतीची कलमे कायमची रद्द करून घेण्यात आली, २,००,००० तुमान एकरकमी मोजून. तो व्यवहार पार पाडणारा वकील मॅक्डोनाल्ड हा माल्कमच्याच जुन्या ताफ्यातला, आणि नात्याने त्याचा साडू.