काठावरची माणसं

तुर्भ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात दगडखाणी होत्या. खाण संपली की खड्डा राहायचा. मिरगाचा पाऊस लागला की खड्डा भरायचा. १९८६ च्या पावसाळ्यात, मी आठवीत असताना, आमच्या वस्तीतलं एक पोर अशाच खड्ड्यात गेलं. नळाला पाणी नव्हतं म्हणून अंघोळीला गेलं होतं.

काठावर आम्ही चाळीस-पन्नास माणसं उभी. त्यात घण मारणारी होती, सुरुंगाची भोकं पाडणारी होती, पाठीवर पोती वाहणारी होती. भ्याड एकही नव्हता. पोहता येणाराही एक नव्हता. कुणी दोर टाकला, पण तो धरायला पाण्यातून हात वर आलाच नाही. कुणीतरी खालच्या आगरी गावात धावत गेलं. तिथला एक म्हातारा आला, लुंगी खोचून त्यानं उडी घेतली, दुसऱ्या बुडीला पोर वर आणलं. तोवर अर्धा तास झाला होता. मग कुणी त्याला उलटं धरलं, कुणी पोट दाबलं. पोर गेलं ते गेलंच.

रात्री माय म्हणाली, “पाण्याकडं फिरकू नगंस. आपल्या माणसाला पाणी लाभत न्हाई.”

मित्रहो, मायचं हे वाक्य मी तेव्हापासून डोक्यात घेऊन फिरतो आहे. आपल्या माणसाला पाणी लाभत नाही. हे नशीब की इतिहास? नशीब असेल तर गप्प बसावं. इतिहास असेल तर त्याची तारीखवार झडती घेतली पाहिजे. तीच घ्यायला बसलो आहे.

पहिली झडती विहिरीची.

महाराष्ट्रातली पोरं पोहायला शिकली कुठं? तरणतलावात नाही. तरणतलाव ही साहेबाची चैन. मुंबईत ब्रीच कँडीला समुद्राकाठी गोऱ्यांचा पोहण्याचा तलाव होता. हिंदी माणूस कितीही मोठा असो, त्याला आत पाऊल टाकता येत नव्हतं. स्वातंत्र्य आल्यावरही ही बंदी काही वर्षं टिकली. तेव्हा आपल्या पुढाऱ्यांना अपमान वाटला आणि तो वाटायलाच पाहिजे होता. पण त्याच पुढाऱ्यांच्या गावच्या विहिरीवर काय चाललं होतं, त्याचा अपमान कुणाला वाटला?

गावचं पोर विहिरीत शिकलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत चुलता नाहीतर थोरला भाऊ कमरेला दोर बांधायचा. पाठीला वाळक्या भोपळ्यांची सांगड नाहीतर पांगऱ्याच्या हलक्या लाकडाची बिंडी. आणि द्यायचा ढकलून. नाकातोंडात पाणी जायचं, आठ-पंधरा दिवसांत पोर तरंगायला लागायचं, सुट्टी संपेस्तोवर काठावरून मुटका मारायचं. फी नाही, मास्तर नाही, सर्टिफिकेट नाही. महाराष्ट्राची पोहण्याची शाळा अशी फुकट होती. फक्त तिच्या दारात जात विचारली जायची.

ज्या विहिरीतून तांब्याभर पाणी शेंदायची बंदी, तिच्यात अंग बुडवायला कोण देणार? आपली बाई लांब घागर ठेवून उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून ओतायचं. पाटलाचं पोर मात्र त्याच पाण्यात लंगोटी लावून डुंबायचं. त्याच्या घामानं, मळानं पाणी बाटत नव्हतं. माय सांगायची, तिच्या गावात विहिरीत ढोर पडून मेलं की महारवाड्याला हाक यायची. दोर लावायला, ओढून काढायला आपलीच माणसं. तेवढा वेळ विहीर बाटत नव्हती. ढोर बाहेर निघालं की बाटायला लागायची.

खोटं कशाला बोलू? आपले सगळेच लोक पोहण्यात अडाणी नव्हते. नदीकाठच्या गावात खालच्या अंगाला, जिथं आपला पाणवठा असायचा, तिथं पोरं शिकली. पण आमच्यासारख्या कोरड्या मुलखात नदी दिवाळीपर्यंत वाहते, मग वाळूच राहते. तिथं पाणी म्हणजे विहीर आणि विहीर म्हणजे गाव. गाव आपलं नव्हतं. पोहणं हे बाप पोराला देतो. बापालाच मिळालं नाही तर तो पोराला काय देणार? तो भीती देतो. तीही मायेपोटीच.

दुसरी झडती कायद्याची.

४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशानं चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तशाच सरकारी शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. त्याला धरून महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं. म्हणजे कागदावर केलं. मग २० मार्च १९२७ उजाडला. बाबासाहेब तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्याले, मागून आपली माणसं प्याली. त्याच दिवशी आपल्या माणसांवर काठ्या चालल्या. नंतर शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून सनातन्यांनी तळं ‘शुद्ध’ केलं. जनावरानं तोंड लावलं तर चालत होतं, माणसाच्या हातानं बाटलं.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला तेव्हा सवर्ण मंडळी कोर्टात गेली. त्यांचं म्हणणं, तळं आमचं खाजगी आणि अस्पृश्यांनी त्याला न शिवण्याची रूढी अनादि काळापासूनची. दावा जवळजवळ दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं सवर्णांचं अपील फेटाळलं. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्या निकालाचं सार असं, की रूढी अनादि काळापासूनची आहे हे सिद्ध झालेलं नाही.

आपण हा निकाल पाण्याच्या हक्काचा म्हणून वाचतो, बरोबरच आहे. मी तो मायच्या वाक्यावरचा निकाल म्हणूनही वाचतो. बंदी अनादि नाही, तर बंदीनं पैदा केलेली भीती तरी अनादि कशी? ‘लाभत नाही’ हेही कोर्टात टिकत नाही.

तिसरी झडती समुद्रापलीकडची. पँथर हे नाव आपण १९७२ साली अमेरिकेतल्या काळ्या भावांकडून घेतलं. तेव्हा त्यांच्या पाण्याकडंही बघू.

२७ जुलै १९१९. शिकागोत मिशिगन सरोवराच्या काठी गोऱ्यांचा किनारा वेगळा, काळ्यांचा वेगळा. मध्ये भिंत नाही, कुंपण नाही, पाण्यात ओढलेली न दिसणारी रेघ. युजीन विल्यम्स नावाचं १७ वर्षांचं काळं पोर दोस्तांबरोबर तराफ्यावर खेळत होतं. तराफा वाहत रेघेपलीकडं गेला. काठावरच्या गोऱ्यानं दगड मारले, पोर बुडून मेलं. त्यातून दंगल पेटली, ३८ माणसं मेली. पुढं कोर्टांनी सांगितलं की सरकारी तरणतलाव सगळ्यांना खुले करा. तेव्हा कित्येक शहरांनी तलावच बंद केले. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरानं असं केलं आणि १९७१ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं ते चालवून घेतलं. गोरे आपापल्या खाजगी क्लबात पोहायला गेले. आज तिथं काळी पोरं गोऱ्या पोरांपेक्षा जास्त प्रमाणात बुडतात. काळ्या माणसाचं हाड जड असतं म्हणून तो तरंगत नाही, असंही तिथं सांगितलं जायचं. आपल्याकडं लाभत नाही म्हणायचं, तिथं हाड जड म्हणायचं. दोन्हीकडं चोरी लपवायची रीत एकच.

आता तुर्भ्याला परत येऊ.

सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. योगायोग असा की चवदार तळ्याच्या निकालाला त्या दिवशी बरोबर ३३ वर्षं झाली होती. शहर उभं राहिलं खाडीकाठी, बरंचसं भरतीच्या पाण्यापेक्षा खालच्या जमिनीवर. म्हणून डच पद्धतीनं मोठी तळी राखली, होल्डिंग पाँड. भरतीला दारं मिटतात, पावसाचं पाणी तळ्यात थांबतं, ओहोटीला खाडीत जातं. इंजिनियरांनी पाण्याचा हिशेब चोख केला. या पाण्याशेजारी कोणती माणसं राहायला येणार आणि त्यांच्या पोरांना पोहता येतं का, हा हिशेब कुणी केला नाही.

१९७२ च्या दुष्काळानं गाव सोडलेली आमची माणसं ठाणे-बेलापूर पट्ट्यात आली. खाणीत लागली, कारखान्यात लागली, नाक्यावर उभी राहिली. कोरड्या मुलखातली, न पोहणारी माणसं भरल्या पाण्याच्या शहरात आली. आमच्या वस्तीच्या बुडण्याचं कारण इथं आहे. इथल्या कोळी-आगऱ्यांची पोरं खाडीत वाढली, त्यांना पाण्याची वेळ कळते. आम्हाला भरती केव्हा लागते हेही ठाऊक नव्हतं. आमच्या पोरांच्या वाट्याला खाणीचे खड्डे आले, नाले आले, दिघ्याच्या इलठणपाड्याचं रेल्वेचं जुनं धरण आलं.

हे पाणी फसवं असतं. खाणीच्या खड्ड्याला उतार नसतो. दोन पावलं गुडघाभर, तिसरं पाऊल दोन पुरुष खोल. बाजू उभ्या कापलेल्या, धरायला काही नाही. खाडीत चिखल पाय धरतो. डोंगरातला ओढा वर पाऊस पडला की एकदम फुगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये खारघरच्या डोंगरात कॉलेजच्या चार मुली अशाच वाहून गेल्या. तेव्हा पोहणं आलं म्हणजे सगळं आलं असं नाही. कुठल्या पाण्यात उतरायचं नाही, हे कळणं हाही पोहण्याचाच धडा आहे. ‘पोहण्यास सक्त मनाई’ हा फलक खड्ड्यावर पाहिजेच, कुंपणही पाहिजे. पण नुसत्या मनाईनं पोर वाचत नाही. मनाई तर आम्हाला पिढ्यान् पिढ्या होती. तिनं आम्हाला काठावर उभं केलं, इतकंच.

शिकायची सोय कुठं आहे? क्लबात आहे, मोठ्या सोसायटीत आहे, बड्या शाळेत आहे. तिथं जात विचारत नाहीत, फी विचारतात. नाक्यावरच्या मजुराच्या पोराला दोन्हींचा अर्थ एकच लागतो.

कुणी म्हणेल, पोटाला नाही आणि पोहण्याचं काय घेऊन बसलात? देशात २०२२ साली बुडून मेलेल्यांचा सरकारी आकडा ३८ हजारांच्या वर आहे. जगात वर्षाला सुमारे तीन लाख माणसं बुडतात. त्यातली दहात नऊ गरीब आणि मध्यम देशांतली. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ साली २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस ठरवला. दिवस पाळून पोर तरंगत नाही, हे खरं. पण उपाय महाग नाही, हे शेजारच्या बांगलादेशानं दाखवलं. तिथं गावच्या तळ्यात बांबूचा मंच बांधतात, त्याच्या कठड्याला धरून चार वर्षांपुढची पोरं पोहायला शिकतात. शिकलेल्या पोरांत बुडून मरण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांहून जास्त कमी झाल्याचं २०१२ सालच्या अभ्यासात दिसलं. त्याहून लहान पोरांसाठी पाळणाघर, कारण माय कामावर असते तेव्हाच पोर पाण्याकडं जातं.

आपल्या महापालिकेच्या शाळांत हे व्हायला पाहिजे. तिसरी-चौथीत, तासाला धरून, फुकट. आधी उताणं पडून तरंगणं, मग हात-पाय मारणं. बुडणारा ओरडत नाही, गप खाली जातो, हे पोराला माहीत पाहिजे. दोस्त बुडताना मागोमाग उडी घ्यायची नाही. दोर, काठी, ओढणी, तेलाचा रिकामा डबा झाकण लावून फेकायचा आणि मोठ्यानं हाका मारायच्या. बाहेर काढल्यावर उलटं टांगायचं नाही, पोट दाबायचं नाही. गावाकडं कुंभाराच्या चाकावर फिरवत, तसलं काही करायचं नाही. श्वास थांबला असेल तर तोंडानं श्वास द्यायचा, छाती दाबत राहायचं, दवाखान्याची गाडी बोलवायची. १९८६ साली आम्हा चाळीस-पन्नास जणांपैकी एकाला एवढं ठाऊक असतं, तर निदान धडपड योग्य झाली असती.

मी स्वतः पस्तिशीत शिकलो. नोकरी लागल्यावर, फी भरून, सात-आठ वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभं राहून. पहिले पंधरा दिवस हात कठड्यावरून सुटेना. गळ्यापर्यंत पाणी आलं की मायचा आवाज यायचा. पुढं मुलगी शिकली ती चार दिवसांत. तिला कुणी लाभत नाही म्हणून सांगितलं नव्हतं. एकदा माय बघायला आली. कठड्याला धरून बसली आणि पोरगी वर येईस्तोवर तिनं श्वास सोडला नाही. मग म्हणाली, “ह्ये आपल्याला बी येतंय म्हन की.” माय आता नाही.

पण माझी मुलगी फी भरून शिकली. वस्तीतली पोरं अजून काठावर आहेत आणि पावसाळा दरवर्षी येतो. महाडला आपण ओंजळभर पाणी घेतलं, ते बाबासाहेबांच्या पुढाकारानं. पुढचं काम आपलं. येत्या उन्हाळ्याआधी वस्तीवस्तीतून महापालिकेकडं अर्ज गेले पाहिजेत: शाळेत पोहणं शिकवा, उघड्या खड्ड्यांना कुंपण घाला. अर्ज पडून राहिला तर मोर्चा. वस्तीत ज्याला पोहता येतं त्यानं चार पोरं हाताशी धरावीत, राखणीच्या, उथळ, माहितीतल्या पाण्यात. आणि घराघरातल्या मायला, आजीला कुणीतरी सांगा, की पाणी लाभत नाही असं नाही. लाभू दिलं नव्हतं.

जयभीम.