हेर्नहूटचे प्रार्थनागृह : आधी करार, मग वास्तू

शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांना कोमेनियस हे नाव सुपरिचित आहे. सचित्र पाठ्यपुस्तकाची कल्पना रूढ करणारा हा पंडित १४५७ साली स्थापन झालेल्या ‘बांधव-संघ’ या पंथाचा बिशप होता आणि १६७० मध्ये तो परक्या देशात निर्वासित म्हणूनच निवर्तला. १६२० च्या व्हाइट माउंटनच्या लढाईनंतर बोहेमिया-मोराव्हियात या पंथाला उघडपणे जगणे अशक्य झाले. काही कुटुंबांनी मात्र पूर्वजांची श्रद्धा घराच्या चार भिंतींआड जपली.

त्यांपैकी काही जण १७२२ मध्ये सॅक्सनीत आले. काउंट त्सिन्त्सेनडॉर्फ या तरुण सरदाराने बेर्टेल्सडॉर्फच्या आपल्या जमिनीवर त्यांना आश्रय दिला. १७ जून रोजी क्रिस्टियान डेव्हिड या सुताराने पहिले झाड तोडले आणि हेर्नहूट वसू लागले. या नावाचा आशय ‘प्रभूची राखण’ असा आहे.

परंतु छळ सोसलेली माणसे एकत्र आली म्हणजे एकदिलाने नांदतातच, असे नव्हे. भिन्न मतांचे लोक येत गेले आणि पाच वर्षांत वसाहत कलहाने दुभंगण्याच्या बेतास आली. १२ मे १७२७ रोजी सहजीवनाचे नियम मान्य करण्यात आले. बारा वडीलधारे निवडले गेले. १३ ऑगस्टला बेर्टेल्सडॉर्फच्या चर्चमधील प्रभुभोजनाच्या प्रसंगी मने जुळली. हेर्नहूटचे स्वतंत्र प्रार्थनागृह उभे राहिले ते त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी, १७५६-५७ मध्ये.

या वास्तूत उंच व्यासपीठ नाही, शोभिवंत वेदी नाही. पांढऱ्या भिंती, पांढरी बाके आणि एक साधे मेज, एवढेच. दफनभूमीतही सर्वांचे दगड सारखे, जमिनीलगत. त्सिन्त्सेनडॉर्फ कुटुंबाची उंच थडगी हाच काय तो अपवाद.

तथापि इतिहासाने केवळ गौरव करू नये. १७३२ मध्ये येथील धर्मप्रसारक कॅरिबियनमधील सेंट थॉमस बेटावर गुलामांमध्ये कार्य करण्यास गेले. पुढे याच संघाने तेथे मळा घेतला आणि गुलामही बाळगले. स्वतः भोगलेले दुःख माणसाला आपोआप न्यायी करीत नाही, हे यावरून दिसते.

मे १९४५ मध्ये प्रार्थनागृह आगीत भस्मसात झाले. १९५३ पर्यंत ते पुन्हा उभारले गेले आणि २०२४ मध्ये हेर्नहूटचा जागतिक वारशात समावेश झाला. जळालेल्या भिंती पुन्हा बांधता येतात. त्या भिंतींआधी झालेला परस्परांशी न्यायाने वागण्याचा करार मात्र प्रत्येक पिढीला नव्याने करावा लागतो.