जात्यात पडण्यापूर्वीची मूठ

उपवास आणि दानधर्म ही दोन पुण्यकर्मे धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण निरनिराळी शिकलो. प्रारंभीच्या ख्रिस्तसभेने मात्र त्यांची फारकत केलेली दिसत नाही. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिल्या गेलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात उपवासाची रीत वाण्याच्या चोपडीसारखी रोखठोक सांगितली आहे. त्या दिवशी केवळ भाकर व पाणी घ्यावे, एरवीच्या जेवणास काय खर्च आला असता त्याचा हिशेब करावा आणि तेवढी रक्कम विधवेच्या, अनाथाच्या किंवा गरजवंताच्या हाती द्यावी. त्याच शतकातील अथेन्सचा तत्त्वज्ञ ॲरिस्टायडीस रोमन सम्राटास कळवितो की, ख्रिस्ती लोकांत कोणी उपाशी असला आणि देण्याजोगे जादा अन्न घरात नसले, तर ते स्वतः दोन-तीन दिवस उपास काढून त्याची सोय करतात. शिलकीतून देणारे पुष्कळ असतात. हे ताटातून देणारे होते.

अशा दानाचा मोठा पाठ महाराष्ट्रात शोधू गेल्यास तो मठांत नव्हे, जात्यापाशी सापडतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. त्यालाच १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. मुलांना जेवू घालण्यास पैसा कोठला? त्यासाठी ‘मुष्टिफंड’ होता. दळण जात्यात घालण्यापूर्वी घरच्या बाईने एक मूठ धान्य बाजूला काढावे व साठले की ते मुलांसाठी द्यावे, एवढीच त्याची घटना. पावतीपुस्तक नाही, सभासदत्व नाही. अशीच चाल मिझोराममधील प्रेस्बिटेरियन स्त्रियांनी १९१० पासून राखली आहे. तेथे प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी वेगळा पडतो. साताऱ्याची बाई आणि मिझो बाई यांना एकमेकींची गंधवार्ताही नसावी.

मात्र येथे इतिहासकाराने थबकावे असे आम्हांस वाटते. मूठ निघाली ती कोणाच्या वाट्यातून? आपल्याकडे घरातील बाई सर्वांच्या मागून जेवते. पीठ मुठीने कमी झाले तर धन्याच्या ताटातील भाकरी कमी होत नाही; कमी होते ती शेवटची. हर्मासच्या हिशेबात उपास करणारा आणि देणारा एकच असतो. मुष्टिफंडात देणारे घर असते आणि उपास बहुधा एकटीचा. खुद्द भाऊरावांच्या घरी हेच घडले. वसतिगृहातील मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. रयतेचा वटवृक्ष सर्वांना दिसतो. त्याच्या मुळाशी कोणाचे ताट रिकामे राहिले, याची नोंद अर्ध्या वाक्यात उरकली जाते.

गाडगे महाराजांचे (१८७६–१९५६) उदाहरण या बाबतीत निर्मळ आहे. मागून आणलेली भाकरी ते मडक्याच्या खापरात खात, आणि लोकांनी दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या करीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. येथे खापरही त्यांचे आणि उपासही त्यांचाच. (त्यांच्या पत्नी कुंताबाई यांनी संसार कसा निभावला, हा निराळ्या लेखाचा विषय होय.)

हे सारे बीडहून धाराशिवकडे जाताना लागणाऱ्या चौसाळ्याच्या परिसरात बसून लिहिण्यास कारण आहे. येथे ज्वारीची भाकरी आणि ठेचा हे व्रत नव्हे, रोजचे जेवण आहे. १९७२ च्या दुष्काळात तर परदेशी लाल मिलो आणि सुकडीवर येथील पोटे तगली. राखेचा बुधवार येतो तेव्हा पुष्कळ घरांना कुलूप असते; माणसे साखर कारखान्यांच्या फडांवर ऊस तोडीत असतात, आणि मागे राहिलेली नातवंडे आजीच्या चुलीवर किंवा हंगामी वसतिगृहात जेवतात. अशा गावी उपवासकाळाची पेटी फिरविताना ‘एक वेळचे जेवण सोडा’ असे सरसकट म्हणणे आम्हांस अवघड जाते. पुरुषांना मात्र आम्ही हर्मासचा हिशेब सांगतो: नाक्यावरचा दिवसाचा दुसरा चहा, तंबाखूची पुडी, शनिवारचे मटण. तो पैसा मागे राहिलेल्या मुलांच्या ताटात पडावा. बाईने मूठ काढायचीच असेल, तर ती सर्वांच्या देखत, भाकऱ्या थापण्यापूर्वी काढावी आणि त्या दिवशी तिने पहिल्या पंगतीला बसावे.