बाप्तिस्म्याचे पाणी

आगरदांड्याहून मुरूडमार्गे अलिबागकडे निघाले की रेवदंड्याच्या खाडीअलीकडे कोर्लई लागते. चौल-रेवदंड्याहून पोर्तुगीज १७४० मध्ये गेले. पण त्यांच्या काळात ख्रिस्ती झालेल्यांचे वंशज येथे राहिले. पोर्तुगीजपासून घडलेली त्यांची बोली अजून घरात बोलली जाते. येथे बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला मिळतो. आईबाप आणि धर्ममातापिता त्याच्या वतीने वचन देतात, कपाळावर पाणी ओततात, घरात गोडधोड होते. पाणी ओतले म्हणून कोणी रडत नाही.

एकोणिसाव्या शतकातील मराठी घरांत मात्र याच पाण्याने आकांत झाला. इतिहासाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. जुनी चरित्रे-आत्मचरित्रे वाचताना एकच प्रश्न मला पुन्हापुन्हा पडत गेला. या पाण्याने नेमके होते काय?

ख्रिस्ती धर्मशास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुडविणे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की, पाण्यात जाणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणे आणि वर येणे म्हणजे त्याच्याबरोबर नव्या जीवनात उठणे. मुंजीने बटू द्विज होतो असे मानणाऱ्या समाजाला दुसऱ्या जन्माची कल्पना अपरिचित नव्हती. फरक इतकाच की, मुंजीचा जन्म जातीच्या आत होता आणि हा जन्म जातीबाहेर नेणारा होता. म्हणून समाजाने बाप्तिस्म्यात नवा जन्म पाहिला नाही, मृत्यू तेवढा पाहिला.

१८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता. त्याला कोर्टाने वडिलांच्या ताब्यात दिले. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, पण तो मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे, म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तेव्हा सनातनी मंडळी त्यांच्यावरही उलटली. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. समाजाच्या हिशेबी धर्म पंक्तीवर ठरत होता. डोक्यावर पाणी पडले की नाही, हा प्रश्न नंतरचा.

आत काय झाले, हे मात्र ज्याचे त्यालाच सांगता येते. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात त्यावर वादळ उठले. टीकाकारांच्या दृष्टीने त्या दिवशी सारे संपले होते. रमाबाईंचा स्वतःचा हिशेब वेगळा आहे. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या प्रांजळपणे सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. ज्या संस्काराची एवढी किंमत मोजली, तोच अपुरा पडला असे लिहायला धैर्य लागते.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यामुळे लक्ष्मीबाईंच्या संसाराची जी वाताहत झाली, ती ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. पण त्याच पुस्तकातील एक क्रम सहसा कोणी लक्षात घेत नाही. जातिभेद देवाने केलेला नाही, हे लक्ष्मीबाईंना आधी पटले. त्यांनी सोवळे-ओवळे सोडले, कोणाच्याही हातचे पाणी चालवून घेतले, बाप्तिस्मा त्यानंतरचा. रमाबाईंच्या बाबतीत अनुभव संस्कारामागून आला, येथे तो पुढे गेला.

टिळक त्याहून पुढे गेले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताचा शिष्य होऊ इच्छिणाऱ्याला, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, तेथे जागा होती. ज्या पाण्यापायी घर मोडताना पाहिले, त्याच पाण्याची अट त्यांनी दारातून काढली. बाप्तिस्मा त्यांना क्षुल्लक वाटत होता, असा याचा अर्थ मी लावत नाही. समाजाने त्याची वेस करून टाकली होती. ती वेस त्यांना नको होती.

या सगळ्यांतून मला असे दिसते की, बाप्तिस्म्याची तारीख दाखल्यावर एकच असते, पण त्याचा अर्थ एका दिवसात पुरा होत नाही. चर्चलाही हे ठाऊक आहे. ईस्टरच्या आदल्या रात्री कॅथलिक चर्चमध्ये लोक मेणबत्त्या हाती घेऊन बाप्तिस्म्याची वचने नव्याने उच्चारतात. तान्हेपणी ज्यांच्या वतीने दुसऱ्यांनी ‘होय’ म्हटले, त्यांना ते स्वतः म्हणायची संधी दर वर्षी मिळते. रमाबाईंना त्यासाठी आठ वर्षे लागली. कोणाला आयुष्यही लागत असेल.