पेंग्विनांचे सेवेकरी

सन १४९७ च्या अखेरीस वास्को द गामाची गलबते आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून एका उपसागरात थांबली. तेथल्या बेटावरील एका विलक्षण पक्ष्याची नोंद त्या सफरीच्या रोजनिशीत आढळते. पक्षी बदकाएवढा, उडता न येणारा आणि गाढवासारखा ओरडणारा. खलाशांनी तो वाटेल तितका मारला, असेही रोजनिशी सांगते. पुढल्या वर्षी हीच सफर कालिकतला पोचली आणि परतीच्या वाटेवर कारवारजवळच्या अंजदीव बेटाला लागली. गोमंतकाच्या इतिहासात तिचे पडसाद किती दूरवर उमटले, ते वाचकांना सांगावयास नको. तो ओरडणारा पक्षी, म्हणजे आफ्रिकी पेंग्विन, मात्र आपल्या बेटांवर मागेच राहिला आणि पुढील पाचशे वर्षे माणसाच्या हाताची ओळख करून घेत राहिला.

ती ओळख फारशी सुखाची नव्हती. बेटांवर पक्ष्यांच्या विष्ठेचे शतकानुशतके साचलेले जाड थर होते. त्यांत बिळे कोरून पेंग्विन अंडी घालीत. एकोणिसाव्या शतकात युरोपातील शेतीला खत हवे झाले आणि हे थर खडकापर्यंत खरवडून जहाजांत भरले गेले. पक्ष्यांना उघड्यावर, उन्हातान्हात अंडी घालण्याची वेळ आली. आणि ती अंडीही लाखांच्या हिशेबाने गोळा होऊन खवय्यांच्या ताटात गेली. हा अंड्यांचा व्यवहार थांबला तो १९६७ साली. दैवाची गंमत अशी की, त्याच वर्षीच्या युद्धामुळे सुएझचा कालवा बंद पडला आणि तेलवाहू जहाजांची रांग केपच्या वाटेने सुरू झाली. एक संकट दाराबाहेर पडते न पडते तोच दुसरे आत आले.

१९६८ साली केपच्या किनाऱ्याजवळ एका जहाजाचे तेल सांडले. तेव्हा अल्थिया वेस्टफाल या बाईंनी तेलाने माखलेले पेंग्विन आपल्या घरी आणून त्यांची शुश्रूषा आरंभिली. समुद्रपक्ष्यांच्या रक्षणासाठी ‘सॅनकॉब’ ही संस्था उभी राहिली, तिचे मूळ या घरगुती खटाटोपात आहे.

तेलाने पक्षी मरतो, तो विषापेक्षा थंडीने. पेंग्विनाची पिसे एकमेकांत घट्ट बसून अंगावर जणू मेणकापड घालतात. तेलाचा डाग पडला की ती वीण उसवते, गार पाणी कातडीला भिडते आणि पक्षी समुद्र सोडून किनाऱ्यावर कुडकुडत उभा राहतो. समुद्रात न उतरावे तर उपासमार. चोचीने पिसे साफ करावीत, तर तेल पोटात जाते. १९९४ साली ‘अपोलो सी’ हे जहाज बुडाले तेव्हा सुमारे १० हजार पक्षी असे माखले. त्यांतील जवळजवळ निम्मेच जगले. पुष्कळसे तर वाहनांतून नेताना कोंडूनच दगावले. मायेची उणीव नव्हती, तयारीची होती.

ही ठेच उपयोगी पडली. २३ जून २००० रोजी ‘ट्रेझर’ नावाचे जहाज रॉबेन आणि डासेन या दोन बेटांच्या मध्ये बुडाले. त्यात लोहखनिज होते. गोव्याच्या वाचकाला खनिजाची जहाजे नवी नाहीत. घात खनिजाने होत नाही, तो होतो जहाजाच्या पोटातील जाड इंधनतेलाने. असे सुमारे १,३०० टन तेल ऐन विणीच्या दिवसांत या बेटांभोवती पसरले. रॉबेन बेट जगाला ठाऊक आहे ते नेल्सन मंडेलांच्या बंदिवासामुळे. तेथून नामशेष झालेले पेंग्विन १९८३ साली आपण होऊन परतले होते.

सुमारे १९ हजार माखलेले पक्षी किनाऱ्यावर आणले गेले. संस्थेच्या आवारात इतके मावणे अशक्यच होते. म्हणून केपटाउनच्या सॉल्ट रिव्हर भागातील रेल्वेची एक जुनी प्रचंड शेड ताब्यात घेतली गेली. परदेशांतून जाणकार आले. पण काम ओढले ते १२ हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी, आणि त्यांतील बहुतेकांनी पेंग्विन कधी हातातही धरला नव्हता. वरवर पाहता हा गोंडस पक्षी. प्रत्यक्षात त्याची चोच कात्रीसारखी चालते, आणि आपल्याला वाचविले जात आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. मेलेली मासळी तो आपण होऊन खात नाही. तेव्हा त्याला गुडघ्यांत धरावयाचे, चोच उघडावयाची आणि मासा डोक्याच्या बाजूने घशात सारावयाचा. असे एकामागून एक, हजारो पक्ष्यांना. मग कोमट पाणी, साबण, डोळ्यांभोवती दातांचा ब्रश. एका पक्ष्याच्या अंघोळीला दोन माणसे लागत. जूनचा तो महिना म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा.

तेल न लागलेल्या सुमारे १९,५०० पक्ष्यांसाठी निराळीच युक्ती योजिली गेली. त्यांना वाहनांतून ८०० किलोमीटरच्या आसपास दूर, त्या वेळच्या पोर्ट एलिझाबेथजवळ नेऊन समुद्रात सोडले. पोहत घरी येण्यास त्यांना दोन-तीन आठवडे लागले, आणि तेवढ्या अवधीत घराजवळचे पाणी निवळले. पीटर, पर्सी आणि पामेला अशा तीन पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाला खूण पाठविणारी यंत्रे होती. त्यांचा प्रवास लोक निवडणुकीच्या निकालासारखा रोज पाहत. आईबापांविना उरलेली तीन हजारांवर पिले हातांनी भरवून वाढवावी लागली, ती वेगळीच.

माखलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास पक्षी पुन्हा समुद्रात गेले. पुढे कित्येक वर्षे ते बेटांवर दिसत राहिले. मात्र पिले वाढविण्याची त्यांची ताकद काहीशी उणावलेली आढळली.

परंतु साबणाने न धुतली जाणारी आपत्ती त्यानंतर आली. तारली आणि अँचोव्ही ही पेंग्विनांची मासळी आपली ठिकाणे सोडून सरकली. जी उरली तिच्यावर मोठ्या जाळ्यांचाही हक्क होता. २०२४ साली या पक्ष्याची गणना नष्ट होण्याच्या अगदी कड्यावर असलेल्या जातींत झाली. विणीच्या जोड्या १० हजारांच्या खाली आल्या होत्या. अखेर सॅनकॉब आणि तिची एक सहकारी संस्था न्यायालयात गेल्या, आणि मार्च २०२५ मध्ये सहा प्रमुख वसाहतींभोवतीच्या पाण्यात या मासळीची व्यापारी पकड दहा वर्षांसाठी बंद करण्याचा तडजोडीचा हुकूम निघाला.

स्वयंसेवकांचे काम त्यामुळे संपलेले नाही. पिसे झडण्याच्या दिवसांत पेंग्विनाला समुद्रात उतरता येत नाही. उशिरा जन्मलेली पिले अशा वेळी उपाशी मागे राहतात. ती उचलून आणावी लागतात आणि स्वतः मासा पकडण्याजोगी होईपर्यंत त्यांना हाताने भरवावे लागते.