पोढी : लेण्यांतल्या पाण्याचा इतिहास

लेणी पाहायला जाणे ही आता आपल्या वस्तीत एक रीतच झाली आहे. पावसाळा सरला की कुणीतरी गाडी ठरवते, वर्गणी निघते, बायामाणसे पहाटे उठून डबे बांधतात आणि कान्हेरी, कार्ले, भाजे, जुन्नर, अजिंठा, वेरूळ यांपैकी कुठेतरी सहल निघते. चैत्यगृहात आपण त्रिसरण-पंचशील घेतो, बुद्धमूर्तीसमोर फोटो काढतो आणि संध्याकाळी परत फिरतो. हे सारे योग्यच आहे. पण एक गोष्ट दरवेळी नजरेतून सुटते. ती म्हणजे लेण्याच्या दारालगत, अगदी पायाजवळ कोरलेले पाण्याचे टाके. त्या टाक्याविषयीच आम्ही इथे लिहीत आहोत. कारण आपला इतिहास जितका मूर्तीजवळ आहे, तितकाच तो या पाण्याजवळही आहे.

लेण्यांतल्या ब्राह्मी शिलालेखांत या टाक्याला ‘पोढी’ असा शब्द येतो. भाषा प्राकृत, म्हणजे त्या काळची लोकांची भाषा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीचा डोंगर आहे. तिथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि जिकडे पाहावे तिकडे पोढी. डोंगराच्या उतारावर पन्हळी कोरून पावसाचे पाणी टाक्यांकडे वळवले आहे. पुष्कळ टाक्यांचे तोंड लहान आणि पोट मोठे असते, त्यामुळे ऊन थेट लागत नाही आणि पाणी कमी आटते. भिक्खूंचा वर्षावास पावसाळ्यातला. पण पुढे अशा ठिकाणी संघाची कायम वस्ती झाली. चार महिने पडलेला पाऊस उरलेले आठ महिने पुरवायचा, तर पाषाणाच्या पोटात साठवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

हा खर्च कुणी केला? आपल्याला वाटते, राजाने केला असेल. राजांनी दाने दिली हे खरेच. पण लेख वाचले की दुसरीच माणसे पुढे येतात. कान्हेरीला एक पोढी कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने दिली आहे. जुन्नरला धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यापाऱ्यांच्या संघटनेने, सात खोल्यांचे लेणे आणि सोबत पोढी दान केली. कुठे सोनार, कुठे वाणी, कुठे सुतार, कुठे भिक्खुणी. लेख बहुधा एका-दोन ओळींचे. दात्याचे नाव, गाव, धंदा आणि ‘देयधम’ म्हणजे धर्मदान. बास, एवढेच.

आणि हे पाणी प्यायचे कोण? संघ. त्या संघात तथागतांच्या हयातीतच उपाली न्हावी होता, कचरा उचलणारा सुनीत होता. नद्या सागराला मिळाल्या की त्यांची वेगळी नावे उरत नाहीत, तसेच संघात आल्यावर जात-गोत उरत नाही, ही तथागतांची शिकवण. ती नुसती प्रवचनात ठेवून भागत नाही. एका पोढीतून सगळ्यांनी पाणी काढायचे म्हटले की ती रोजच्या रोज पाळावी लागते.

आता जुन्नरजवळच्या नाणेघाटात चला. कोकणातून वर देशावर येणारी ही जुनी व्यापारी वाट. घाटमाथ्याच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. हा लेख बौद्ध नव्हे, वैदिक परंपरेचा आहे. अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी यांची लांबलचक यादी त्यात आहे. सातवाहनांचा इतिहास त्यावाचून पुरा होत नाही, म्हणून तो जरूर पाहावा. पण त्याच घाटात एका टाक्यावर एका ओळीचा लेख आहे : सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेली पोढी. राणीची यादी मोठी, गोविंददासाची ओळ एक. घाट चढून घशाला कोरड पडलेल्या वाटसरूला कशाचा आधार वाटला असेल, ते ज्याचे त्याने ठरवावे.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ज्या महाराष्ट्रात पाणी हे दान होते, त्याच महाराष्ट्रात पुढे पाणी हे बंधन झाले. महाडचा सत्याग्रह आपल्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले असल्याचे ठरवले. पण ते कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा केवढा हल्लकल्लोळ झाला! हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. आणि महाडजवळच गांधारपाल्याच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, तिथे पाण्याची टाकी कोरलेली आहेत. डिसेंबर १९२७ मधल्या दुसऱ्या परिषदेच्या वेळी बाबासाहेब महाडजवळची बौद्धकालीन लेणी पाहायला गेले होते. खाली गावात तळ्यावर मनाई आणि वर डोंगरात शतकानुशतके भरलेली टाकी! त्यांच्या मनात काय आले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

दुसरा प्रसंग १९३४ सालचा. बाबासाहेबांनी तो ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या लेखनात स्वतः सांगितला आहे. तीसेक सहकाऱ्यांसह ते वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. म्हणजे आपल्यासारखीच सहल! वाटेत निजामाच्या राज्यातला दौलताबादचा किल्ला लागला. रमजानचा महिना होता. प्रवासाच्या धुळीने सगळे माखलेले. किल्ल्याच्या दाराबाहेर काठोकाठ भरलेले छोटे तळे होते, तिथे काही जणांनी हातपाय-तोंड धुतले. तेवढ्यात एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की यांनी तळे बाटवले. जमाव जमला, शिवीगाळ झाली. अस्पृश्य माणूस मुसलमान झाला तर त्यालाही तुम्ही अडवाल का, असे बाबासाहेबांनी विचारले, तेव्हा कुणाला उत्तर देता आले नाही. अखेर किल्ल्यात सोडले, पण आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर आणि सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. महाडला अडवणारे हिंदू होते, दौलताबादला मुसलमान. अडवणारे बदलले, पाण्याभोवतीची रेघ तीच राहिली.

ती रेघ कायद्याने पुसली संविधानाने. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. आणि कलम १५ मध्ये विहिरी, तळी, स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख करून तिथे जात-धर्मावरून कुणालाही अडवता येणार नाही असे लिहिले. एवढ्या मोठ्या ग्रंथात विहीर आणि तळे हे शब्द उगाच आलेले नाहीत.

म्हणूनच आमची विनंती आहे की सहलीला गेल्यावर पोढीपाशी थोडे थांबा. आज कितीतरी टाक्यांत प्लास्टिकच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे तरंगताना दिसतात. ज्यांनी पाण्यासाठी मार खाल्ला, त्यांच्या नातवंडांनी तरी हे करू नये. काही हौशी मंडळी भिंतीवर नावे कोरतात. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली, २०१० च्या दुरुस्तीनंतर, राष्ट्रीय स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायद्याचे राहू द्या. सामिदत्त सोनाराचे नाव आज आपण वाचतो, कारण त्याने नावासोबत पाणी दिले होते.

आणखी एक. वेरूळला गेल्यावर पहिली बारा लेणी बघायची आणि तिथूनच मागे फिरायचे, असे काही जण करतात. आम्हाला ते पटत नाही. पुढची सतरा हिंदू आणि शेवटची पाच जैन लेणीही बघा. आठव्या शतकातला कैलास बघा. त्यामागेही अनाम पाथरवटांचे हात आहेत. पूजा कुणाची करायची ते आपले ठरलेले आहे. बघायला आणि शिकायला हरकत कसली? ज्या समाजाला दारात अडवले गेले, त्याने आपणहून कुठल्या दाराकडे पाठ का फिरवावी?

आपल्या विहारात पुरातन असे काही नाही. पण दर १४ एप्रिलला मिरवणुकीच्या वाटेवर आपली पोरे पाणपोई लावतात, बर्फ आणतात, पेले विसळतात आणि येईल त्याला पाणी देतात. तू कोण, कुठला, असे कुणी विचारत नाही. पुढच्या सहलीत त्या पोरांना एवढे एकच काम द्या : लेण्यांत फिरून पोढ्या मोजा आणि कुठे दात्याचे नाव कोरलेले दिसते का ते शोधा. ते काय करत आले आहेत, हे त्यांना तिथे आपोआप कळेल.