सर्फरचा कान

सर्फरचा कान : थंड पाणी आणि थंड वारा वर्षानुवर्षे कानात जात राहिल्यामुळे बाह्य कर्णनलिकेच्या हाडात होणारी वाढ. वैद्यकात तिला बाह्य कर्णनलिकेची अस्थिवृद्धी किंवा एक्सोस्टोसिस म्हणतात. ही वाढ कर्करोगाची नसते आणि शरीरात अन्यत्र पसरत नाही. पण नळी दरवर्षी थोडी थोडी अरुंद होत जाते आणि उपचार न झाल्यास जवळजवळ बुजते. फळीवरून लाटांवर स्वार होणाऱ्या सर्फरांमध्ये ती सर्वांत जास्त आढळते, म्हणून हे नाव रूढ झाले. पाणबुडे, कयाक वल्हवणारे आणि थंड पाण्यात बारमाही पोहणारे यांनाही ती होते.

प्रौढ माणसाची कर्णनलिका जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब असते. तिचा बाहेरचा साधारण एक-तृतीयांश भाग कूर्चेचा असून तिथली त्वचा जाड असते; केस आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथीही तिथेच असतात. आतला, पडद्यापर्यंतचा भाग हाडाचा असतो. तिथे त्वचेची जाडी मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाइतकीच भरते. तिच्याखाली चरबीचा थर नसतो आणि ती हाडावरच्या आवरणाला थेट चिकटलेली असते. शरीरात इतके उघडे पडलेले हाड क्वचितच दुसरीकडे सापडेल. थंड पाणी आत शिरले की त्याचा गारवा जवळपास थेट हाडालाच लागतो.

मग घडते ते असे : गारव्याच्या माऱ्यानंतर त्या भागातल्या रक्तवाहिन्या फुलतात, हाडाच्या आवरणाचा पुन्हा पुन्हा दाह होतो आणि त्यातल्या हाड घडवणाऱ्या पेशी कामाला लागतात. प्रत्येक वेळी नव्या हाडाचा अगदी पातळ थर बसतो. सूक्ष्मदर्शकाखाली या वाढीत एकावर एक असे थर खरोखरच दिसतात. थंड पाण्याचा हा संबंध डच वैद्य व्हॅन गिल्से यांनी १९३०च्या दशकात मांडला आणि १९४२मध्ये फाउलर व ऑस्मन यांनी गिनीपिगच्या कानात थंड पाणी सोडून तसे हाड वाढते हे दाखवले. साधारणपणे १९ अंश सेल्सिअसखालचे पाणी धोक्याचे मानले जाते. एखाद-दुसऱ्या हंगामात काही होत नाही. नियमित सर्फिंगची पाच-दहा वर्षे उलटली की हाडाची वाढ तपासणीत दिसू लागते, आणि माणूस पाण्यात जात राहिला तर ती थांबत नाही.

दोष पाण्याच्या माथी मारला जात असला, तरी वाऱ्याचा वाटाही मोठा असतो. सर्फरचा बराचसा वेळ लाटेवर जातच नाही. फळीवर बसून पुढच्या लाटेची वाट पाहण्यात जातो. त्या वेळी ओल्या कानावरून वारा वाहतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेसोबत उष्णताही निघून जाते. त्यामुळे कान समुद्राच्या पाण्याहूनही गार पडू शकतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाटा पश्चिमेकडून येतात, तर वारा बहुतेक उत्तरेचा किंवा वायव्येचा असतो. पश्चिमेकडे तोंड करून बसलेल्याचा उजवा कान त्या वाऱ्याला सापडतो. दोन्ही कानांतली वाढ सारखी का नसते, याचे उत्तर २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच बाष्पीभवनात शोधलेले आहे. रुग्णाला आपण कोणत्या किनाऱ्यावर आणि कोणत्या दिशेला तोंड करून बसतो, हे डॉक्टरांनी आवर्जून विचारावे, इतके ते महत्त्वाचे आहे.

सर्फिंग मुळात हवाईसारख्या उष्ण कटिबंधातल्या बेटांवर वाढले. तिथे पाणी वर्षभर कोमट असते आणि ही व्याधी क्वचितच दिसते. १८८५मध्ये हवाईच्या राजघराण्यातल्या तीन तरुण राजपुत्रांनी कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ येथे, सॅन लोरेंझो नदीच्या मुखाशी, रेडवुडच्या फळ्यांवरून लाटा घेतल्या. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचे हे पहिले नोंदलेले सर्फिंग. सांताक्रूझचे पाणी मात्र उन्हाळ्यातही हुडहुडी भरवते. उत्तरेकडून येणारा थंड प्रवाह आणि वसंतात वाऱ्यामुळे खोलातून वर येणारे पाणी यांमुळे ते बहुतेक काळ ११ ते १६ अंशांच्या आसपास असते. अशा पाण्यात उघड्या अंगाने फार वेळ टिकणे शक्य नव्हते. १९५०च्या दशकात निओप्रीन रबराचा वेटसूट आला. जॅक ओ'नील यांनी १९५२मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आणि १९५९मध्ये सांताक्रूझला दुकान काढून तो सर्फरांपर्यंत पोहोचवला. त्यानंतर माणसे कडाक्याच्या थंडीतही तीन-चार तास पाण्यात राहू लागली. छाती, पाठ, हात, पाय झाकले गेले. कान तेवढे उघडे राहिले. वेटसूटने समुद्र बारमाही खुला केला, तसा या व्याधीलाही बारमाही वाव मिळाला. तिच्या प्रसाराचे हे कारण जितके ठळकपणे सांगितले जायला हवे, तितके सांगितले जात नाही.

न्यूझीलंडमध्ये १९९८मध्ये आणि कॅलिफोर्नियात १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहण्यांत तपासलेल्या सर्फरांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश जणांच्या कानात कमी-अधिक अस्थिवृद्धी आढळली. जपान, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि अमेरिकेचा ओरेगन किनारा इथूनही अशाच नोंदी आहेत. पुरुषांत प्रमाण जास्त दिसते, ते पाण्यात घालवलेल्या तासांमुळे. तितकेच तास पाण्यात काढणाऱ्या स्त्रिया यातून सुटत नाहीत.

लक्षणे उशिरा येतात, आणि हीच या व्याधीतली सर्वांत वाईट गोष्ट. नळी निम्मी बुजली तरी ऐकायला नीट येत असते, त्यामुळे माणूस निर्धास्त असतो. पहिली तक्रार बहुधा पाणी अडकल्याची असते. समुद्रातून बाहेर आल्यावर डोके कलते केले, एका पायावर उड्या मारल्या, तरी पाणी निघत नाही. कान दडपल्यासारखा राहतो आणि कधी रात्री कुशीवर वळल्यावर उशी ओली होते. पुढे हा दडपा एकेक दिवस, मग आठवडाभर टिकतो. उंचवट्यांमागे मळ आणि त्वचेचा कोंडा साचतो, संसर्ग होतो, कान ठणकतो, पू येतो. शेवटी आवाज पडद्यापर्यंत पोहोचेनासा होतो. काहींना कानात सतत गुणगुण ऐकू येते.

तपासणी सोपी आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञ दिव्याच्या दुर्बिणीतून पाहतात, तेव्हा निरोगी कानात करड्या मोत्याच्या रंगाचा पडदा दिसतो. इथे त्याऐवजी नळीच्या भिंतींतून पुढे आलेले दोन-तीन गुळगुळीत, फिकट, रुंद बुडाचे उंचवटे दिसतात. सळईचे टोक लावले तर ते दगडासारखे टणक लागतात. वाढ जास्त असेल, तर त्यांच्यामधून तीन टोकांची एक फट तेवढी उरते. नळीचा एक-तृतीयांशाहून कमी भाग बुजला असेल तर वाढ सौम्य, दोन-तृतीयांशापर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र समजतात. एकाच कानात, देठावर लोंबणारी एकच गाठ असेल तर ती ऑस्टिओमा असण्याचा संभव असतो, आणि तिचा थंड पाण्याशी संबंध नसतो.

थंड पाण्याचा आणखी एक त्रास हाडाशी निगडित नाही, पण समुद्रात तो जास्त घातक ठरू शकतो. एका कानात गार पाणी एकदम शिरले की आतल्या अर्धवर्तुळाकार नलिकांतला द्रव हलतो आणि सगळे गरगरू लागते. या परिणामाचा अभ्यास करणारे व्हिएन्नाचे रोबेर्ट बाराणी यांना १९१४चे नोबेल पारितोषिक मिळाले. लाटेखाली गेलेल्या माणसाला अशी भोवळ आली, तर वर कुठे आणि खाली कुठे हे कळेनासे होते. एका कानाची नळी अरुंद आणि दुसऱ्याची मोकळी असेल, तर पाणी दोन्हीकडे सारखे पोहोचत नाही आणि अशी भोवळ येऊ शकते.

सर्फिंग ज्यांच्या स्वप्नातही नव्हते, अशा माणसांच्या कवट्यांतही हेच हाड सापडते. उत्तर चिलीतल्या १,१४९ प्राचीन कवट्यांचा अभ्यास १९९७मध्ये प्रसिद्ध झाला. डोंगराळ पठारावरच्या लोकांत एकही उदाहरण नव्हते, खोऱ्यांतल्या लोकांत २.३ टक्के, आणि किनाऱ्यावरच्या लोकांत ३०.७ टक्के. एकाच देशात, समुद्रापासूनच्या अंतरानुसार आकडे इतके स्वच्छ बदलावेत, असा पुरावा क्वचितच हाती लागतो. तिथला हम्बोल्ट प्रवाह बोचरा थंड आहे आणि किनाऱ्यावरचे लोक शिंपले-कालवांसाठी त्यात बुड्या मारत. रोमजवळच्या इसोला साक्रा दफनभूमीत ही वाढ पुरुषांच्याच कवट्यांत मिळाली. अभ्यासकांनी तिचा संबंध सार्वजनिक स्नानगृहांशी जोडला. २०१९मध्ये मानवशास्त्रज्ञ एरिक ट्रिंकाउस आणि सहकाऱ्यांनी तेवीस निअँडरथल व्यक्तींचे कान तपासले, तेव्हा जवळजवळ निम्म्यांमध्ये ती आढळली. इराकमधल्या शानिदार गुहेतला वृद्ध निअँडरथल या वाढीमुळे बहुधा बहिरा झाला होता. एकाच हाताने काम करू शकणारा, एका डोळ्याने अधू असा हा माणूस चाळिशीपलीकडे जगला. कुणीतरी त्याला सांभाळले असणार.

वाढलेले हाड औषधाने विरघळत नाही. तक्रार नसेल तर काही करावे लागत नाही. वारंवार संसर्ग किंवा बहिरेपणा आला, तर शस्त्रक्रिया करतात. जुन्या पद्धतीत कानामागे छेद घेऊन यांत्रिक ड्रिलने हाड घासून काढतात. सांताक्रूझचे शल्यविशारद डग्लस हेट्झलर यांनी २००७मध्ये, छेद न घेता नळीतूनच सुमारे एक मिलिमीटर रुंदीच्या छिन्नीने हाड काढण्याच्या पद्धतीचे अनुभव प्रसिद्ध केले; तिच्यात ड्रिलचा गोंगाट आतल्या कानापर्यंत पोहोचत नाही. दोन्हींत हात कसलेला लागतो, कारण पुढे जबड्याचा सांधा, मागे चेहऱ्याची नस आणि तळाशी पडदा आहे. त्वचा पूर्ण भरून येईपर्यंत कित्येक आठवडे पाण्यात जाता येत नाही. कान उघडे ठेवून परत थंड पाण्यात गेल्यास हाड पुन्हा वाढते.

म्हणून खरी काळजी आधीची. कानात नीट बसणारी बोळी आणि वारा असेल तर निओप्रीनची टोपी, एवढ्याने बहुतेक नुकसान टळते. बोळ्यांनी ऐकू कमी येते, लाटेचा आवाज आणि सोबत्याची हाक चुकते, अशी सर्फरांची तक्रार असते आणि ती खरी आहे. त्यासाठी आता पाणी अडवणारी पण आवाज आत जाऊ देणारी बोळी मिळतात. त्रास सुरू होण्याची वाट न पाहता, थंड पाण्यात पहिल्यांदा उतरण्याच्या दिवसापासून ती वापरावीत. मुलांना फळीसोबतच बोळीही द्यावीत.

कोकण आणि गोव्याच्या समुद्राचे पाणी साधारणपणे २५ अंशांच्या वरच असते, त्यामुळे इथे सर्फिंग शिकणाऱ्यांना या हाडाची भीती बाळगण्याचे कारण नाही. कॅलिफोर्निया, ब्रिटन, न्यूझीलंड किंवा दक्षिण ऑस्ट्रेलियात स्थायिक होऊन तिथे लाटांवर जाणाऱ्या मराठी तरुणांना मात्र ते आहे. आपल्या दमट किनाऱ्यावर ओल्या कानाचा त्रास वेगळा : नळीला सूज येणे आणि कानात बुरशी होणे. खाज सुटली की कानकोरणे, केसाची पिन किंवा काडी घालण्याची सवय असते. तिने ती पातळ त्वचा खरचटते आणि संसर्गाला वाट मिळते. कोमट तेल सोडल्याने आतला ओलावा कोंडला जातो आणि पडद्याला भोक असेल तर तेल मध्यकर्णात उतरते. कान टॉवेलच्या कोपऱ्याने बाहेरून टिपावा आणि वाहत्या किंवा दुखऱ्या कानात डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय काहीही घालू नये.